शेंडा ठेव

परवा माळ्यावरचा पापडांचा डबा काढायला मी स्टुलावर चढले, तर सून स्वयंपाकघरातून धावत आली आणि माझे पाय धरून उभी राहिली. "आई, चढू नका," म्हणाली. पोर गुणाची आहे, काळजीनंच बोलली, पण ते दोन शब्द कानावर पडले की माझ्या डोक्यात अजून तिडीक जाते. मी डबा काढला, झाकण उघडून पापड बघितले, पुन्हा लावलं आणि माझ्या सवडीनं खाली उतरले. पंचाहत्तरी ओलांडली आहे, गुडघे कुरकुरतात, महाडच्या या तिसऱ्या मजल्यावर जिना चढून आले की घटकाभर कुणाशी बोलत नाही. तरी मला कुणी चढू नको म्हटलेलं चालत नाही. त्याला कारण माझे बाबा. नातवंडांना हे तुकड्यातुकड्यांत सांगून झालं आहे, पण दर वेळी त्यांना फोन येतो आणि गोष्ट अर्धी राहते, म्हणून आता लिहूनच टाकते.

आमचं घर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर. भिंती मातीच्या, वर कौलं, पुढं शेणानं सारवलेलं खळं, म्हणजे अंगण. पहाटे मला दोन आवाजांनी जाग यायची. एक आईच्या जात्याचा आणि दुसरा बाबांच्या कोयत्याचा. बाबा खळ्याच्या कडेला उकिडवे बसून दगडावर पाणी शिंपडत कोयत्याला धार लावायचे. कोयत्याचं काम असो वा नसो, हा त्यांचा रोजचा नेम होता. मग चुलीवर नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, कधी सुकटीची चटणी. सुकट भाजली की वास अख्ख्या वाडीत जायचा आणि आज कुणाकडे काय आहे ते सगळ्यांना कळायचं. भात होता, पण तो संध्याकाळी, आणि तोही आई हाताच्या अंदाजानं वाढायची. ती भात वाढताना ताटाकडे बघायची नाही, आमच्या तोंडाकडे बघायची. आम्ही दोघी बहिणी, मी आणि माझ्यामागची कुसुम. मुलगा नाही, यावरून लोक आईला टोचायचे. आई ऐकून घ्यायची आणि नंतर भांडी जरा जोरात आपटायची.

बाबा आधी मुंबईला गोदीत हमाल होते. तिथे गोण्यांची थप्पी अंगावर कोसळली आणि त्यांचा उजवा खांदा निखळला. कुणीतरी तो बसवला, पण वाकडाच बसवला. त्यानंतर तो हात छातीच्या वर गेला नाही. बाबा वळकटी घेऊन घरी आले आणि शेतीला लागले. नांगर धरता यायचा, गवत कापता यायचं, पण खुंटीवरचा सदरा काढायचा तर डावा हात लागायचा. याबद्दल ते कधी बोलत नसत. तसे ते कमीच बोलायचे, आणि बोलले तरी शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये इतक्या हळू.

पण शिकवायचे. शिकवायची त्यांची रीत अशी की एकदा सांगायचं, आणि पुन्हा चुकलं तर नुसतं बघायचं. एकदा माझ्या हातून दह्याचं मडकं फुटलं. आईनं विचारलं तेव्हा मी मांजरीचं नाव घेतलं. आई मांजरीमागे काठी घेऊन धावली. बाबा कोयता पाजळत होते, ते मला म्हणाले, "मांजरीला तोंड नाय म्हणून तिच्यावर घालतंस? फोडलंस तर फोडलं म्हन. केलं तर केलं म्हनायचं." एवढंच. मी आईला जाऊन सांगितलं, आईनं मांजरीवरची काठी माझ्यावर आणली, आणि तरीही मला हलकं वाटलं. हे मडकं मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं ते बाबांच्याच वाटेत आलं.

आमच्याकडे भाताची रोपं करायची तर आधी राब भाजावा लागतो. जिथं बी पेरायचं त्या जमिनीवर शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या वाळलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा आणि सगळ्यावर चाळलेली माती. मग आग लावायची. जमीन भाजून निघते, तण मरतं आणि रोप जोमानं येतं. त्या फांद्यांना आम्ही कवळ म्हणतो. थंडीच्या दिवसांत ऐनाच्या, किंजळाच्या झाडांवर चढून कवळ तोडायचं, वाळवायचं, भारे बांधायचे. कवळ नाही तर राब नाही, राब नाही तर रोप नाही आणि रोप नाही तर वर्षाचा भात नाही. इतकं ते सरळ होतं. बाबा परत आले त्या वर्षी वरंधहून माझा मामा येऊन कवळ तोडून गेला. दुसऱ्या वर्षी मामाही मुंबईला गेला. आता झाडावर कोण चढणार? आई म्हणाली, कुणाला तरी विचारा. बाबा म्हणाले, सगळ्यांची झाडं आहेत, सगळ्यांना तीच घाई आहे, कितींदा विचारायचं.

आमच्या वाडीत बाई झाडावर चढत नसे. बाई चढली तर झाड सुकतं असं सगळे मानायचे, बायकासुद्धा. बाईनं डोंगरातून डोक्यावर मोळी आणली तर चालायचं, झऱ्यावरून दोन हंडे आणि कडेवर मूल घेऊन चढण चढली तर चालायचं, पोटुशीनं चिखलात दिवसभर वाकून लावणी केली तरी चालायचं. फक्त तिनं जमीन सोडून चार हात वर जायचं नाही. लहानपणी मला हे खरं वाटायचं. नंतर वाटेनासं झालं, आणि आता तर राग येतो.

एका पहाटे बाबांनी मला उठवलं. मी बारा वर्षांची असेन. आमच्या शेताच्या पार टोकाला, ओढ्यापलीकडे एक ऐन होता, तिथं आम्ही गेलो. उजाडत होतं, गवत दवानं भिजलं होतं आणि माझे पाय गारठून बधीर झाले होते. बाबांनी स्वतःच्या कमरेची लाकडी आकडी सोडून माझ्या कमरेला बांधली, तिला कोयता अडकवला आणि विचारलं, "चढशील?" मी हो म्हटलं. मग त्यांनी खालून, अगदी कुजबुजत, सांगायला सुरुवात केली. दोन हात, दोन पाय, यातले तीन घट्ट धरल्याशिवाय चौथा हलवायचा नाही. पायाचा अंगठा सालीच्या खाचेत रोवायचा. फांदीला आधी खालून एक घाव घालायचा आणि मग वरून, म्हणजे ती पडताना खोडाची साल ओरबाडत नाही. खाली बघायचं ते फक्त फांदी सोडताना. आणि सगळ्यात शेवटी, हे त्यांनी दोनदा सांगितलं, "शेंडा ठेव." वरचा शेंडा तोडायचा नाही, तो राहिला तर झाड जगतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा तितकंच देतं.

पहिल्या दिवशी मी चार फांद्या तोडल्या आणि दोन्ही गुडघे सोलून घेतले. आठवड्यानं झाडाच्या वरच्या बेचक्यात जाऊन बसायला लागले. तिथून समोर कशेडीचा घाट दिसायचा. मालाच्या गाड्या कुईकुई करत चढायच्या, एका वळणाआड जायच्या आणि वरच्या वळणावर पुन्हा निघायच्या. आमच्या वाडीतली कुठलीही बाई हे बघायला इतकी वर आली नव्हती, माझी आईसुद्धा नाही. मला तेव्हा आनंदापेक्षा राग आला. एवढं सगळं इथं वर होतं आणि आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आई मात्र धास्तावली होती. ती रोज बाबांना म्हणायची की लोकांना कळलं तर काय कराल, आणि रोज माझ्या गुडघ्यांना खोबरेल लावायची.

कळायचं ते कळलंच. ओढ्याला कपडे घेऊन आलेल्या भागीकाकीनं मला वर पाहिलं. भागीकाकी आमची शेजारीण. मनानं वाईट नव्हती, पण तिच्या पोटात काही राहत नसे. शिमग्याला मुंबईकर घरी आले तोवर गोष्ट सगळीकडे झाली होती. त्यात शिमग्याच्या सुमाराला ऐन पानं गाळून उघडे होतात. डोंगरावरचे सगळे ऐन उघडे होते, पण सुकलेला दिसला तो फक्त आमचा.

पालखी घरोघर निघायच्या आधी देवळापुढं गावकी बसायची. पुरुष पारावर, बायका-पोरं बाजूला उभी. रामा मानकरी हा गावकीचा म्होरक्या, नात्यानं बाबांचा चुलता, म्हणून मी त्याला आजा म्हणायची. त्यानं बाबांना पुढं बोलावलं आणि लोक काय बोलतात ते सांगितलं. ते खरं ठरलं तर आमच्या दारात पालखी येणार नव्हती आणि लावणीला कुणी आमच्या शेतात उतरणार नव्हतं. आमच्याकडे लावणी सावडीनं होते, आज सगळे माझ्या शेतात, उद्या मी सगळ्यांच्या. सावडीबाहेर पडलं की माणूस एकटं, आणि पाऊस काही एकट्यासाठी थांबत नाही.

बाबा उभे राहिले. खांदा दिसू नये म्हणून उपरणं त्यावर ओढून घेतलं होतं. म्हणाले, "मी तोडलं, काका. पोर खाली भारे बांधायला हुती."

कुणी हसलं नाही. तो हात छातीच्या वर जात नाही हे पारावर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. मानकऱ्यालाही माहीत होतं. पण त्यांना खरं नकोच होतं, नुसता शब्द हवा होता, आणि तो बाबांनी दिला होता. मानकऱ्यानं मान डोलावली, देवीपुढं नारळ ठेव म्हणाला. पुरुष उठायला लागले. सगळं मिटलंच होतं. पण म्हाताऱ्याला गोडीनं शेवट करायची हौस. तो माझ्याकडे वळला आणि प्रेमानं म्हणाला, "काय गो इंदे, खालीच हुतीस ना?"

नुसतं हो म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. मी बाबांकडे बघितलं. ते स्वतःच्या पायांकडे बघत होते. माझ्या बाबांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून त्यांचा भयंकर राग आला. मला पहाटे उठवणारे तेच, आकडी बांधणारे तेच, आणि आता मला झाडावरून खाली उतरवणारेही तेच.

"नाय आजा," मी म्हणाले. "मीच चढले. बाबा खाली हुता. आनि झाड सुकलेलं नाय. पाडवा होऊन जाऊ दे, मग येऊन बघा."

त्यानंतर काय काय झालं ते मला सलग आठवत नाही. आईनं माझा दंड इतका दाबला की चार दिवस वळ होते. कुणीतरी म्हणालं की पोरीला जीभ फार. मानकरी चिडला नव्हता, त्याची अडचण झाली होती. त्यानं समोर मांडलेलं पान मी लाथाडलं होतं, आणि आता नियमाप्रमाणे बोलण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. तो बोलला. पालखी नाही, सावड नाही.

घरी जाताना बाबा पुढं आणि मी मागं. बांधावर ते थांबले. "खरं बोलायला तुला आजचाच दिस गावला?" मी म्हणाले, "तूच सांगितलंस ना बाबा, केलं तर केलं म्हनायचं." त्यांनी डावा हात उगारला. उगारलेला हात तसाच राहिला, मग खाली आला, आणि ते चालायला लागले. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी आईनं तरीही खळं सारवलं, पुरणपोळ्या केल्या, देवीच्या ओटीचं ताट भरलं. नारळ, खण, तांदूळ. ढोल जवळ येत गेला. आम्ही तिघी दारात उभ्या. पालखी भागीकाकीच्या दारात नाचली, पुढं आली, आमच्या खळ्याच्या कडेच्या जांभळापाशी वळली आणि खालच्या वाटेनं निघून गेली. ढोलवाल्यानं आमच्या दाराकडे एकदा बघितलं. आई ताट हातात धरून तशीच उभी राहिली. मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर मला मारेल. तिनं ताट उंबऱ्यावर ठेवलं, नारळ उचलला आणि पायरीच्या दगडावर आपटून फोडला. आमच्याकडे बाई नारळ फोडत नाही. कुसुमच्या आणि माझ्या हातावर खोबरं ठेवत ती म्हणाली, "खावा. ती माझी पन देवी हाय. कोन चढलं नि का चढलं, तिला सगळं ठावं हाय." आयुष्यात मला मिळालेला एवढा मोठा प्रसाद दुसरा नाही.

राब भाजायची वेळ आली तेव्हा बाबा आणि मी न बोलता शेतावर गेलो. राब वारा येतो त्या बाजूनं पेटवायचा नाही, कारण मग आग वाऱ्याबरोबर वरच्या वर पळत सुटते आणि खाली जमीन कच्ची राहते. पेटवायचा पलीकडच्या टोकाला, म्हणजे ती वाऱ्याला तोंड देत हळूहळू पुढं सरकते आणि माती खोलवर भाजते. हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांनी काडीपेटी माझ्याकडे दिली आणि मी न विचारता पलीकडच्या टोकाला गेले. आम्ही दोघं धुरात उभे राहिलो, दोघांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते धुराचंच होतं असं मी अजून म्हणते.

पाडव्यानंतर काही आठवड्यांनी ऐनाला फूट आली. तोडलेल्या प्रत्येक फांदीच्या टोकाला तांबूस कोंभांचा झुबका. मी कुणाला बोलवायला गेले नाही. पण एका सकाळी मानकरीआजाला मी ओढ्यापलीकडे त्या झाडाखाली उभं असलेलं पाहिलं. त्यानं वर बघितलं, खोडावरून हात फिरवला, आणि काही बघितलंच नाही असं करून निघून गेला. गावकीत तो त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही.

रोपं चांगली आली. लावणी मात्र आम्ही चौघांनी केली. सगळ्यांची आटोपली, लोक मोकळे झाले, आणि आम्ही अजून कमरेत वाकलेलोच. कुसुमचे पाय चिखलानं कुजले. बाबा एका हातानं नांगर रेटायचे आणि बैलांशी बोलायचे. बैलांशी बोलायचे आणि माझ्याशी बोलायचे नाहीत, याचं मला चिखलातही हसू यायचं. वरचा एक तुकडा वेळेत लावता आला नाही, तो तसाच राहिला, आणि त्या वर्षी आईचा भात वाढायचा हात आणखी आखडला. मी जे बोलले त्याची किंमत घरानं मोजली हे मला कळत होतं. कुसुम अर्धपोटी झोपायची ते मी रोज बघत होते. पण हो म्हणायला हवं होतं, असं मला तेव्हा एकदाही वाटलं नाही आणि आज इतक्या वर्षांनीही वाटत नाही. इथंच सांगून टाकते की सावडीत आम्हाला परत घेतलं ते आणखी दोन पावसाळ्यांनी, आणि तेही भागीकाकीचा नवरा आजारी पडला आणि तिच्या झाडांवर चढायला तीच मला बोलवायला आली तेव्हा. मी गेले. जाताना तिला थोडं ऐकवलं, पण गेले.

कापणी उरकून थंडी पडली तेव्हा मानकऱ्याचा निरोप आला. देवीपुढं एक नारळ ठेवा, पोरगी चुकली म्हणा, आणि शिमग्याला मोकळे व्हा. निरोप्या खळ्यात उभा होता. आई बाबांकडे बघत होती, मी भिंतीआडून ऐकत होते. त्या नारळाबरोबर काय काय परत येणार होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बाबा नुसतं "बघतो" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पहाटे उठवलं नाही. उन्हं चांगली वर आल्यावर त्यांनी खुंटीवरचा कोयता डाव्या हातानं काढून माझ्या हातात दिला. त्याला नवी मूठ बसवली होती, जुनीपेक्षा बारीक, माझ्या मुठीत बरोबर बसणारी. ती त्यांनी कधी केली कोण जाणे. मला वाटलं ओढ्यापलीकडे जायचं. पण ते उलट्या बाजूला वळले आणि झऱ्याच्या वाटेवरच्या आमच्या ऐनाखाली येऊन थांबले. अख्ख्या वाडीच्या बायका तिथून पाणी नेतात आणि पुरुष तिथून गुरं हाकतात. त्यांनी आकडी माझ्या कमरेला बांधली, गाठ ओढून बघितली. मी चढले. खाली हंडे घेतलेल्या बायका थांबल्या, गुरं घेऊन चाललेला मानकरीआजाही थांबला. मी वरच्या बेचक्यात पोचले. कशेडीत एक गाडी वळण घेत होती. आणि खालून, हात तोंडाशी धरून, बाबा ओरडले, घाटापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं:

"शेंडा ठेव गो, इंदे!"

माझे बाबा ओरडतात हे वाडीनं त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी शेंडा ठेवला. बाकीचं सगळं खाली उतरवलं.